चुकीच्या गाडीची राखण

मुलुंड स्टेशनबाहेरच्या टॅक्सीस्टँडवर माणसांना नावं नव्हती, नंबर होते. गाडीच्या पाटीवरचे पहिले दोन आकडे, तेच माणसाचं नाव. एकोणीस चहाला गेला की शहाऐंशी त्याची गाडी रांगेत पुढे ढकलायचा. शहाऐंशीची आई वारली तेव्हा स्टँडच्या फळ्यावर खडूने ‘शहाऐंशी यांच्या मातोश्रींचे दुःखद निधन’ असंच लिहिलं गेलं, आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. लवू कोचरेकरच्या गाडीचा नंबर चौऱ्याहत्तर अठ्ठावीस. म्हणून तो चौऱ्याहत्तर. एकदा टायफॉइडच्या तापात नर्सने नाव विचारलं तर त्याने डोळे मिटूनच ‘चौऱ्याहत्तर अठ्ठावीस’ असं सांगितलं, आणि तिने ते वजन आणि वय समजून लिहून घेतलं.

लवूचा बाप गिरणीत साच्यावर होता. गिरणी बंद पडली तेव्हा बापाच्या हातात काही उरलं नाही, म्हणून त्याने पोराच्या हातात स्टिअरिंग दिलं. आधी दुसऱ्यांच्या टॅक्स्या, मग स्वतःची. टॅक्सी चालवणं हे लवूचं काम राहिलं नव्हतं, तो त्याचा आकार झाला होता. उजवा हात खिडकीबाहेर ठेवून ठेवून डाव्यापेक्षा काळा पडला होता. पवईचा चढ आला की तो पुढे वाकून बसायचा, गाडीला तेवढीच मदत. लग्नात पंक्ती वाढतानाही पुढच्या पानाकडे सरकण्याआधी उजवीकडे आणि मागे बघायचा.

त्या गाडीचं वय कायद्याने संपलं आणि घरात वीजगाडी आली. निर्णय अपूर्वाचा होता. लवूची ही एकुलती एक मुलगी मालाडला एका ऑफिसात गाड्यांच्या विम्याचं काम करायची, त्यामुळे घरात गाड्यांविषयीचा शेवटचा शब्द तिचा.

“पप्पा, गॅसच्या लायनीत आयुष्य गेलं तुमचं. आता प्लग लावायचा आणि झोपायचं.”

“मोबाइल झाली ती. टॅक्सी कुठे राहिली?”

नव्या गाडीला चावी नव्हती, बटण होतं. बटण दाबल्यावर काहीच व्हायचं नाही. काही होत नाही म्हणजे सुरू झाली, असं शोरूमवाल्याने समजावलं होतं. लवू बटण दाबायचा, काही न होण्याची वाट बघायचा, आणि ते झालं की आणखी थोडा वेळ थांबायचा. स्टिअरिंगला कंप नव्हता. झोपलेल्या परक्या माणसाचा हात हातात धरल्यासारखं त्याला वाटायचं.

रंग काळा-पिवळा होता, हिरवी नंबरपाटीही लागली होती. राहिलं होतं परमिट. जुनी गाडी सरकारमान्य केंद्रात मोडायची, मोडल्याचा दाखला आणायचा, की जुन्या गाडीचं परमिट नव्या गाडीवर चढणार. महिनाअखेरपर्यंत नाही चढलं तर परमिट रद्द. म्हणजे दारात काळी-पिवळी गाडी उभी, आत लवू बसलेला, आणि तरी ती टॅक्सी नाही, आणि तो टॅक्सीवाला नाही. छप्पन्नाव्या वर्षी तो नुसता गाडी असलेला माणूस होणार होता. असा माणूस त्यांच्या कुळात झाला नव्हता. झाला असता तर त्याने दिवसभर करायचं काय, हे लवूला सांगायला कोणी नव्हतं.

नवीन वस्तू घेतली की कोकणातल्या माणसाचं नुसत्या पूजेने भागत नाही. पूजा म्हणजे नमस्कार झाला. देवाशी नीट बोलायचं तर गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि ते घालायला तोंड लागतं. ते तोंड पूर्व उपनगरांत एकच उरलं होतं, आबा घाडींचं. आबा घाटकोपरला लेकाकडे राहायचे. ऐंशी ओलांडलेली, दात गेलेले, पण आवाज अजून देवळातला. गुडघ्यांमुळे जिने उतरता येईनात तेव्हापासून ते व्हिडिओ कॉलवर गाऱ्हाणी घालत. देवाला आधी जरा कापरा वाटला असेल आवाज, मग सवय झाली असेल.

नाहूरला इमारतीच्या दारात नव्या गाडीपुढे नारळ ठेवला. सुनंदाने, लवूच्या बायकोने, चाकाखाली लिंबं मांडली. अपूर्वाने मोबाइल बॉनेटवर टेकवून धरला. शेजारपाजारचे जमले, कारण ‘होय म्हाराजा’ म्हणायला माणसं लागतात.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!” फोनमधून आबा गरजले.

“होय म्हाराजा!”

“आज ह्यो तुझो लवू, पोटासाठी मुंबैक इललो, हेना गाडी घेतल्यान हा. नंबर... नंबर काय रे?”

“चौऱ्याहत्तर अठ्ठावीस,” लवू म्हणाला. नाव विचारल्यावर माणूस जितका विचार करतो तितकाच विचार करून.

“चौऱ्याहत्तर अठ्ठावीस नंबराची गाडी तुझ्या पदरात घातली हा रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“तिका कोणाची वायट नजर लागली असात, लागूची असात, ती बारा वाटांनी भायर काढ. पाणी इला, आग इली, उंदीर इलो, हवालदार इलो, तर तू आडवो हो रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आणि कोणी तोडूक-मोडूक इलो, तर तेचो हात थयच्या थय थांबव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” हा सगळ्यात मोठा झाला. वरच्या मजल्यावरून कपडे वाळत घालणाऱ्या बाईनेही म्हटला.

नारळ फुटला. आबांचा कॉल लगेच बंद झाला, त्यांना बोरिवलीच्या एका नव्या फ्लॅटचं गाऱ्हाणं घालायचं होतं. खोबरं वाटताना अपूर्वाचं लक्ष हिरव्या पाटीकडे गेलं. तिथे शून्य दोन पासष्ट असं लिहिलं होतं.

“पप्पा, तुम्ही कुठला नंबर सांगितलात?”

लवूने तोंडातलं खोबरं चावायचं थांबवलं.

“जाऊ दे ना,” अपूर्वा म्हणाली. “देवाला कळतं ना कुठली गाडी ती.”

“देवाक जा सांगितला ताच कळता,” सुनंदा म्हणाली. “तुझ्या ऑफिसात चालता काय, भलत्याच गाडीचो विमो?”

अपूर्वाने खोबऱ्याचं ताट उचललं, कारण चालत नव्हतं.

लवूला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी त्याला बरं वाटलं. मरायला निघालेल्या गाडीसाठी सगळी आळी ‘होय म्हाराजा’ म्हणाली होती. असा निरोप माणसांनाही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तो चौऱ्याहत्तर अठ्ठावीस स्वतः चालवत केंद्रावर सोडून आला. गाडी कधी नव्हे ती पहिल्या झटक्यात सुरू झाली, तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं.

केंद्र खाडीच्या बाजूला होतं, मिठागरांच्या पलीकडे. तिथला सुपरवायझर सम्यक इंगोले, तिशीच्या आतबाहेरचा, बोलायला मऊ. त्याचे वडील वाशीमहून येऊन रेल्वेच्या वर्कशॉपात लागले, घर विक्रोळीला. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

“काका, केंद्रातून सम्यक बोलतोय. तुमच्या गाडीसंबंधी...”

“मोडली?”

“नाही. प्रकृती चांगली आहे तिची.”

लवू गेला. आवारात गाड्यांच्या चपट्या लाद्या एकावर एक रचल्या होत्या. त्यांच्या मधोमध चौऱ्याहत्तर अठ्ठावीस उभी, कोणीतरी धुतल्यासारखी. तीन वेळा तिला दाबयंत्राखाली घातलं होतं. पहिल्यांदा यंत्राचा तेलाचा पाइप फुटला. तेल सगळ्या आवारभर उडालं, हिच्यावर थेंब नाही. दुसऱ्यांदा फक्त तेवढ्या कोपऱ्याची वीज गेली. तिसऱ्यांदा यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने बटण दाबायला उजवा हात वर केला, तो वरच राहिला. दुखत नव्हता, खालीही येत नव्हता. त्याला तसाच रिक्षाने डॉक्टरकडे नेला. हात रिक्षाबाहेर काढावा लागला. वाटेत दोन बस त्याच्यासाठी थांबल्या.

“आता कसा आहे तो?”

“आला खाली हात. गाडी यंत्राखालून काढली तसा आला.” सम्यकने कपाळ पुसलं. “बाकीच्या गाड्या पापडासारख्या मोडतायत, काका. कंपनीचा इंजिनीयर येऊन बघून गेला. यंत्रात दोष नाही म्हणतो. मी असलं काही मानत नाही. पण माझं मशीन मानायला लागलंय.”

लवूने त्याला गाऱ्हाण्याची हकिगत सांगितली. सम्यकने मध्ये एकदाही हसून घेतलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, “मग दुरुस्ती करून घ्या ना. आमच्याकडे पण नंबर चुकला की दुरुस्ती होते.”

इकडे नाहूरला नव्या गाडीवर कोणाचीच राखण नव्हती आणि ते तिच्या अंगावर दिसायला लागलं होतं. आळीत इतक्या गाड्या, कावळे हिच्यावरच बसायचे. पोरांचा चेंडू हिच्याच आरशावर. चार्जिंगच्या ठिकाणी बाकीच्यांचे प्लग बसायचे, हिचा बसायचा नाही, आणि बसला की निघायचा नाही. मग एका सकाळी पडद्यावर लाल अक्षरं आली. बॉनेट उघडलं तर उंदराने जाडजूड नारिंगी वायर सालीसकट खाल्लेली. उंदीर शेजारी बसून होता, जेवणानंतर बसतात तसा.

“आबांक भेटान ये,” सुनंदा म्हणाली. “फोनार नको. समोर बसान सांग.”

लवू घाटकोपरला रिक्षाने गेला. टॅक्सीवाला रिक्षाने जातो तेव्हा त्याला कुठे बघावं ते कळत नाही. तो सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत बसला.

आबा खिडकीशी बसून खलात पान कुटत होते.

“आबा, नंबर चुकलो.”

“कोणाचो?”

“गाडीचो. मी जुन्या गाडीचो सांगितलंय.”

“मगे? देव राखता मा ती गाडी?”

“राखता. तीच पंचाईत झाली हा. मोडूक देयना नाय.”

“म्हणजे काम चोख झाला. मगे तुझी तक्रार काय?”

“ता गाऱ्हाणा परत घेवा, आबा.”

आबांनी बत्ता खाली ठेवला. “परत? देवळाक काय कापडाचा दुकान समाजलंस? बसना नाय, बदलून देवा?”

“मगे नव्या गाडीक तरी घाला.”

“एका घराक वरसाक एकच वाहन. दोन सांगितलंय तर तेना बघूचा खय? तेका काय तुझी एकट्याची टॅक्सी हा?” आबांनी पान तोंडात टाकलं. दात नसल्यामुळे ते बराच वेळ नुसतं तोंडात फिरत राहिलं. लवू परमिटचं बोलला, महिनाअखेरचं बोलला. नुसता गाडी असलेला माणूस होण्याचं मात्र त्याला नीट सांगता आलं नाही. तो म्हणाला, “मगे मी कोण रवतलंय, आबा?”

ह्यावर आबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

“आयक. मी काय म्हटलंय? कोणी तोडूक-मोडूक इलो तर. येता तो परको. घरचो माणूस येता खय? तो घरातच असता. गाडी तुझी मा?”

“माझी.”

“मगे तूच मोड. तुझो हात देव कित्या धरीत?”

लवू केंद्रावर गेला आणि सम्यकला म्हणाला की गाडी तो स्वतः मोडणार आहे, हाताने. सम्यक विचारात पडला. आवारात बाहेरच्या माणसाला परवानगी नव्हती. मग त्याने लवूला रोजंदारीवरचा कामगार म्हणून घेतलं, गळ्यात पास घातला, डोक्यावर पिवळं हेल्मेट दिलं. लवूने पाना उचलला आणि पुढच्या दाराच्या बोल्टला लावायला गेला.

हात थांबला. कोणी पिरगाळला नाही, ढकलला नाही. फक्त पुढे गेला नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाने गर्दीत मनगट धरावं तसा.

“काय झालं?” सम्यकने विचारलं.

“मी कामगार झालो ना,” लवू म्हणाला. “कामगार म्हणजे आलेला माणूस.”

त्याने हेल्मेट काढलं, पास काढला. हात मोकळा झाला. पाना बोल्टवर बसतो न बसतो तोच पलीकडून सुरक्षेचा माणूस ओरडत धावत आला, हेल्मेटशिवाय काम बंद. हेल्मेट घातलं की देव थांबवत होता, काढलं की नियम. लवू हेल्मेट हातात धरून उभा राहिला. घालून काढून, काढून घालून बघितलं. बाकीचे कामगार काम सोडून गोळा झाले. एकाने सुचवलं, “अर्धं घालून बघा ना काका, डोक्यावर नुसतं टेकवून.” तसंही करून बघितलं. मनगट अर्धं धरल्यासारखं झालं, म्हणजे जास्तच वाईट.

भोंगा वाजला. जेवणाची सुट्टी. यंत्रं थांबली, माणसांनी हेल्मेट काढून दगडांवर ठेवली आणि डबे उघडले. सम्यक आवाराकडे पाठ करून उभा राहिला.

“काका, जेवणाच्या सुट्टीत इथे काम होत नाही. काम होत नाही म्हणजे कामगार नाही. कामगार नाही तर हेल्मेट कोणाला? आत्ता तुम्ही इथे काय करताय ते मला दिसत नाहीये.”

आणि लवू चौऱ्याहत्तर अठ्ठावीस मोडायला लागला.

वर्षानुवर्षं गंजलेले बोल्ट दोन बोटांनी निघत होते. गॅरेजमध्ये ज्या दाराला कटर लावावा लागला असता ते त्याच्या हातात आपण होऊन उतरलं, म्हाताऱ्या माणसाने बनियन काढायला हात वर करावे तसं. त्याचं त्याला भय वाटलं. गाडीने विरोध केला असता तर बरं झालं असतं. जेवणारी माणसं भिंतीच्या सावलीत बसून बघत होती, तोंडात घास घेऊन सल्ले देत होती.

“मागची सीट आधी घ्या, काका.”

“अबे, डॅशबोर्ड काढ म्हणाव, मग सीट.”

“त्यांची गाडी आहे. त्यांना पाहिजे तिथून मोडतील.”

एका सुट्टीत दोन दारं आणि डिकीचं झाकण, एवढंच झालं. भोंगा वाजला की लवू परका. तो रोज दुपारी येऊ लागला. सकाळी सुनंदा डबा बांधून द्यायची, चारऐवजी सहा भाकऱ्या.

“थयलो तो पोरगो काय खाता?” तिने विचारलं.

“माका काय म्हायत? मी गाडी मोडूक जातंय.”

“मगे इचार.”

पहिल्या दिवशी सम्यक म्हणाला, माझा डबा आहे. दुसऱ्या दिवशी सुनंदाने बांगड्याचं तिखलं दिलं होतं, झाकण उघडताच अख्ख्या आवाराला कळलं. सम्यकने स्वतःचा डबा पुढे सरकवला. त्यात त्याच्या आईने केलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. दोघे उपटलेल्या मागच्या सीटवर बसले. डबे मध्ये ठेवले. सम्यक काटे काढत सावकाश, लक्ष देऊन खायचा. ठेच्याने लवूच्या डोळ्यांतून पाणी काढलं.

“तिखट आहे का?”

“नाही रे. गाडी मोडतोय म्हणून रडतोय.”

सम्यक हसता हसता ठसका लागून बांगड्यावर खोकला.

लहानपणी लवू बापाचा डबा घेऊन गिरणीत जायचा. डबे सगळे एका ओळीत यायचे, पण जेवायला बसायच्या ओळी दोन होत्या. एक आत, पंख्याखाली. दुसरी लांब, जिन्याच्या बाजूला. दुसऱ्या ओळीत कोण बसतं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगावंही लागलं नव्हतं. इतक्या वर्षांत हे त्याने कोणाजवळ काढलं नव्हतं. आत्ताही काढलं नाही. सम्यकने तिखल्याचा रस भाकरीने पुसून घेतला तेव्हा त्याने डबा तिरपा करून धरला, एवढंच.

सीटा गेल्या, काचा गेल्या, इंजिन कप्पीने वर उचललं. ते सम्यकच्या मते लवूने नुसत्या हातांनी उचललं, कारण केंद्राच्या कप्पीकडे सम्यकची पाठ होती. महिना संपत आला तेव्हा आवारात तिचा फक्त सांगाडा राहिला. त्यावर गाडीचा कोरलेला क्रमांक होता, आणि तो सांगाडा दाबयंत्रात चपटा झाल्याशिवाय गाडी मोडली असं नियमाने धरत नव्हते. हाताने तो मोडणारा नव्हता. यंत्र लवूला चालवता येत नव्हतं आणि शिकायला वेळ उरला नव्हता. तो शेवटचा दिवस होता. परमिटची खिडकी संध्याकाळी बंद होणार, आणि उघडेल तेव्हा लवू कोणीच नसणार.

ऑपरेटरने दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणाला, “आपण नाही.”

उरला सम्यक. यंत्र त्याला येत होतं. तो बटणांच्या फळीसमोर जाऊन उभा राहिला आणि परत आला.

“काका, मी मानत नाही हे. पण पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. हात वर राहिला तर?”

“हार घालायला सोपं पडेल.”

“जोक नको, यार.”

लवूने आबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आवारातली सगळी माणसं डबे घेऊन जवळ सरकली.

“आबा, बटण दाबूक एक पोरगो हा. तो चलात काय?”

“तुझ्या घरचा जेवलो काय?”

“जेवलो. रोज जेवता.”

“मगे तो परको कसो?”

सम्यक पुढे वाकून म्हणाला, “काका, त्यांना सांगा मी बौद्ध आहे.”

“आबा, तो बौद्ध आसा.”

फोनमधून खलबत्त्याचा आवाज आला, मग थांबला.

“बांगडो खाता मा?”

“खाता. काटे काढून.”

“मगे झाला.”

“देवाला मानत नाही म्हणून पण सांगा,” सम्यक म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता. “नंतर कोणी म्हणायला नको, सांगितलं नाही म्हणून.”

“आबा, तो देवाक मानना नाय म्हणता.”

“तेका मानूक कोण सांगता हा?” आबा उखडले. “तेका बटण दाबूक सांग. माका दुसरो फोन येता हा.”

कॉल कटला. सम्यकने शर्टाच्या बाह्या वर केल्या, खाली केल्या, परत वर केल्या. मग डोळे उघडे ठेवून बटण दाबलं.

यंत्र उतरलं. आवाज मोठा झाला नाही. लोखंड लोखंडावर वाकताना होतो तेवढाच झाला, आणि मग थांबला. लवूने सांगाड्याकडे बघितलंच नाही. तो सम्यकच्या हाताकडे बघत होता. सम्यकही.

दाखल्यावर शाई वाळायच्या आत दोघे निघाले. सम्यकला यावं लागलं, कारण खिडकीवर कोणी काही विचारलं तर केंद्राचा माणूस बरोबर असलेला बरा. उंदराने खाल्लेली वायर बदलून झाली होती, आणि लवू नवी गाडी घेऊनच केंद्रावर आला होता. लवूने बटण दाबलं. काहीच झालं नाही, म्हणजे सुरू झाली. खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटसुलट बघितला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, “एवढ्या उशिरा का आणलात? गाडी मोडायला इतका वेळ लागतो होय?”

“जुनी होती,” लवू म्हणाला.

परमिट चढलं. तो पुन्हा टॅक्सीवाला झाला. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. सम्यकने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती पिऊन टाकली, सगळी.

सम्यक दार उघडून मागच्या सीटवर बसला. “विक्रोळी. मीटर टाका, काका. नव्या गाडीची पहिली बोहनी माझी.”

“घरच्या माणसाकडून भाडं घेतात का?”

“बोहनी फुकट नाही करत. अपशकुन असतो.”

“तू मानत नाहीस ना?”

“धंद्याचं वेगळं असतं. टाका मीटर.”

लवूने मीटरकडे हात नेला. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मीटर पडला की सम्यक गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणजे आलेला माणूस. सकाळचं बटण परक्याने दाबलं असं देवाने मागाहून धरलं तर? सम्यकने सीटच्या पाठीवर ठेवलेला उजवा हात मांडीवर घेतला आणि त्यावर डावा ठेवला.

“नको,” तो म्हणाला. “राहू दे मीटर.”

“बघ हां. बोहनीचं काय?”

“पुढच्याची करा. माझं लग्न होऊ दे आधी.”

गाडी निघाली. पूर्व द्रुतगती मार्गावर गर्दी होती, सगळ्या गाड्या घरघरत होत्या, आणि त्यांच्यामधून ही एक नुसतीच सरकत होती, आत दोन माणसं घेऊन. विक्रोळीला वस्तीच्या तोंडाशी सम्यक उतरला. त्याची आई नळावरून येत होती. तिने काळ्या-पिवळ्या गाडीकडे बघितलं आणि विचारलं, “टॅक्सीनं आलास? एवढे पैसे झाले का रे?”

“टॅक्सी नाही गं. आपल्यातले काका आहेत.”

तो चार पावलं गेला, वळला, आणि लवूला निरोप द्यायला त्याने उजवा हात वर केला. मागून हॉर्न वाजायला लागले होते. लवू हात खाली येईपर्यंत थांबला.